पीसीसी सारखी अडकते? विकायच्या आधी हे एकदा बघा

मंडळी, "माझी पीसीसी सारखी अडकते, विकून दुसरी कुठली घेऊ?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात आठ-दहा जणांनी तरी विचारला असेल, कुणी फोनवर, कुणी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं राहून. दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी स्वतःसुद्धा हाच शहाणपणा करायला निघालो होतो, विकायची जाहिरातपण टाकून झाली होती, आणि दुखणं शेवटी निघालं भलतीकडेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीसीसी (पिस्टल कॅलिबर कार्बाइन) म्हणजे पिस्तुलाचं काडतूस खाणारी लांब नळीची बंदूक, बहुतेक वेळा ९ एमएम. मी डॅलसजवळ राहतो, महिन्यातून एकदा इथल्या यूएसपीएसए मॅचला (वेग आणि नेम दोन्ही मोजणारी नेमबाजीची स्पर्धा) जातो, तिथे २०१६ पासून या कार्बाइनची वेगळी डिव्हिजन आहे. काडतूस रायफलीपेक्षा स्वस्त, धक्का कमी, आणि ज्या इनडोअर रेंजवर रायफलचं काडतूस चालत नाही तिथे ही चालते, त्यामुळे आपल्यातल्या हौशी लोकांची पहिली लांब बंदूक हल्ली हीच असते.

दोन गोष्टी आधीच सांगतो म्हणजे नंतर कटकट नको. भारतातून वाचणाऱ्यांनी हे नुसतं वाचायचं, तिकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्यामुळे "इकडे कितीला पडेल" असं प्लीज विचारू नका. आणि इथे एच-१बीवर असलेल्यांनो, हे मात्र सीरियसली घ्या, फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे, शिकारीचं वैध लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. मित्राची रेंजवर दोन मिनिटं हातात घेतली तरी ते 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड वाल्यांना ही आडकाठी नाही. नळी १६ इंचांपेक्षा आखूड करायच्या भानगडीत पडू नका, ते १९३४ च्या एनएफए (नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट) या फेडरल कायद्यात जातं. मॅगझिनचं (काडतुसं भरायची पेटी) प्रत्येक राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात १० राउंडच्या, म्हणजे काडतुसांच्या, वर नाही, तर आपापल्या राज्याचं आपण बघून घ्या.

आता माझी गोष्ट. माझी कार्बाइन एआर-९ पद्धतीची, म्हणजे दिसायला एआर-१५ रायफलीसारखी पण ९ एमएमची, ग्लॉक पिस्तुलाच्या पॅटर्नची मॅगझिन घेणारी. ब्रँडचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण तिची चूक नव्हतीच. पहिले सहा महिने मक्खन चालली. मग दर तीस-चाळीस राउंडला काहीतरी व्हायला लागलं, कधी बोल्ट (राउंड आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा धातूचा ठोकळा) मॅगझिनमधल्या राउंडच्या डोक्यावरून निघून जातो आणि रिकाम्या चेंबरवर (नळीच्या बुडाशी राउंड बसायची जागा) बंद होतो, कधी गोळीचं नाक फीड रॅम्पच्या (चेंबरकडे नेणारा उतार) खाली रुतून बसतं, कधी रिकामी केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं) बाहेर पडता पडता बोल्टमध्ये चिमटली जाते. मॅचमध्ये टायमर चालू, मागे स्कोअर घेणारा टेक्सन काका टॅब्लेट धरून उभा, आणि मी तिथे खटाखट बोल्ट ओढतोय. काका एवढंच म्हणाला की बाबा रे, तुझी बंदूक तुझ्यापेक्षा जास्त थकलीये.

मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. नवीन एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा आकडा), नवीन स्प्रिंग, दुसरं तेल, आणि वर हेवी बफर (बोल्टच्या मागे बसणारं वजन). अडकणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि कशामुळे वाढलं ते कळायला मार्गच उरला नाही, च्यायला.

इथे जरा थांबून आतलं यंत्र समजून घ्यायला लागेल, कारण सगळ्या पीसीसी एकसारख्या नसतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ९ एमएमचा दाब रायफलीच्या मानाने कमी असतो, सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, .२२३ रेमिंग्टनची ५५,०००. त्यामुळे ९ एमएममध्ये बोल्टला कुलूप न लावताही भागतं, नुसता जड ठेवला की झालं. आपल्या कुकरची शिट्टी आठवा, ती कुठे अडकवलेली नसते, वजनाने बसलेली असते, वाफेचा जोर झाला की उचलली जाते. साधी ब्लोबॅक कार्बाइन म्हणजे ही शिट्टी. गोळी नळीतून पुढे निघेपर्यंत जड बोल्ट आणि मागची स्प्रिंग केसला थोपवून धरतात, मग बोल्ट मागे येतो. रुगर पीसी कार्बाइन, बेरेटा सीएक्स४ स्टॉर्म, केल-टेक सब-२०००, हाय-पॉइंट ९९५, सीझेड स्कॉर्पियन, आणि बाजारातल्या बहुतेक एआर-९ या सगळ्या याच जातीच्या. यात तुटण्यासारखं फार काही नाही, किंमत कमी, पण बोल्ट जड असल्यामुळे मागेपुढे जाताना हादरा देतो आणि रेड डॉट (नेम धरायचा लाल ठिपका) उडतो. रुगरने बोल्टमध्ये टंगस्टनचं हलणारं वजन घातलंय ते हा हादरा मारायलाच.

दुसरी जात डिलेड ब्लोबॅक. इथे बोल्टला कुलूप नाही पण अडसर आहे, दाराला आतून खुर्ची लावावी तसा, दार उघडतं पण लगेच नाही. एचकेची एमपी५ आणि तिची नागरी आवृत्ती एसपी५ यात दोन रोलर हे काम करतात, सीएमएमजीच्या रेडियल डिलेमध्ये बोल्ट फिरत फिरत सुटतो. बोल्ट हलका ठेवता येतो म्हणून मारायला मऊ लागतात. तिसरी जात म्हणजे चक्क कुलूपवाली, सिग एमपीएक्स, गॅस पिस्टन आणि फिरणारा बोल्ट, रायफलीसारखं. मऊ, वेगवान, महाग.

आता गंमत बघा. बोल्ट पुरेसा मागे येत नाही, केस बाहेर पडत नाही, ही एकच तक्रार घ्या. साध्या ब्लोबॅकमध्ये याचा अर्थ असतो की वजन जास्त झालंय किंवा काडतूस मवाळ (कमी जोराचं) आहे. एमपीएक्ससारखीत गॅसच्या वाटेवर काजळी साचलीये का ते आधी बघायचं. रोलरवालीत बोल्ट गॅप (बोल्टच्या पुढच्या आणि मागच्या भागामधली फट) मोजायची, एमपी५ मध्ये ती ०.२५ ते ०.५० मिलिमीटरच्या मध्ये हवी, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दोन मिनिटांत कळतं, कमी झाली असेल तर जाणकार गनस्मिथ रोलर बदलून देतो. आणि लोक काय करतात, तर एमपी५ वाल्याचा सल्ला ऐकून एआर-९ दुरुस्त करायला बसतात.

आमच्या ग्रुपात एक नागपूरकर आहे, त्याच्याकडे दुसऱ्याच कंपनीची पण माझ्यासारखीच मॅगझिन घेणारी कार्बाइन. तो म्हणाला, "आधी मॅगझिनवर नंबर टाक रे भाऊ, मग बोल." मला तेव्हा हे अगदीच बाळबोध वाटलं होतं. पण सिल्व्हर मार्करने चारही मॅगझिनच्या बुडाला १ ते ४ आकडे टाकले, छोटी वही घेतली, आणि दोन शनिवार मिळून २४० राउंड मारले. प्रत्येक वेळी अडकलं की लिहायचं, कुठलं मॅगझिन, कितवा राउंड, कुठलं काडतूस, काय दिसलं. एकूण १३ वेळा अडकली. नंबर १ आणि २, जी साधी १७ राउंडची, त्यांत मिळून फक्त २. नंबर ३ मध्ये ७ आणि ४ मध्ये ४. ३ आणि ४ ही दोन्ही मी खाली एक्स्टेंशन लावून मोठी केलेली, आणि त्यांत अडकणं जवळपास सगळं शेवटच्या पाच-सहा राउंडला. मग नागपूरकराच्या कार्बाइनमध्ये माझं नंबर ३ लावलं तर तिथेही अडकलं! त्याचं मॅगझिन माझ्यात लावलं तर गपगुमान चाललं. जाहिरात त्याच रात्री काढून टाकली.

मॅगझिन हा इथे एवढा मोठा विषय का आहे तेही सांगतो. ग्लॉक पॅटर्नच्या मॅगझिनमध्ये खाली राउंड दोन रांगांत असतात आणि वर तोंडाशी एकच रांग होते, घाटात दोन लेनची एक लेन झाली की जी धक्काबुक्की होते तीच तिथे होते. याउलट स्कॉर्पियन, एमपीएक्स, एमपी५ आणि जुन्या कोल्ट पॅटर्नच्या मॅगझिनमध्ये राउंड अगदी वरपर्यंत दोन रांगांतच येतात, एकदा डावा एकदा उजवा, त्यामुळे घासाघीस कमी आणि भरतानाही अंगठ्याचे हाल होत नाहीत. मग ग्लॉकवाली कशाला घ्यायची, तर मॅगझिन सगळीकडे मिळतात, स्वस्त मिळतात, आणि तुमच्याकडे ते पिस्तूल असेल तर दोन्हीला एकच. हा हिशेब तुमचा तुम्ही करा. रुगर पीसी कार्बाइनमध्ये मॅगवेल (मॅगझिन बसतं तो खाचा) बदलता येतं, रुगरचंही चालतं ग्लॉकचंही, ती सोय मला आवडते.

एक्स्टेंशन लावलं की आतली स्प्रिंग तेवढीच राहते आणि जागा वाढते, त्यामुळे शेवटच्या राउंडना वर ढकलायला जोरच उरत नाही. बोल्ट मागे जाऊन परत आला तरी राउंड अजून वर चढतोच आहे, मग बोल्ट त्याच्या डोक्यावरून जातो किंवा नाक खाली झुकवून घेऊन जातो. कार्बाइनचा बोल्ट आणि पिस्तुलाची स्लाइड यांचा वेग वेगळा असतो, म्हणून पिस्तुलात गोड चालणारं मॅगझिन इथे रुसतं. उपाय म्हणजे एक्स्टेंशनसाठीचीच लांब, जास्त जोराची स्प्रिंग. काही डॉलरचं काम.

पण नंबर ४ मध्ये ४ आणि ३ मध्ये ७ का, दोन्ही तर सारखीच. नंबर ३ उघडलं. खालची प्लेट सरकवली, स्प्रिंग बाहेर, फॉलोअर (स्प्रिंगवर बसून राउंड वर ढकलणारा तुकडा) बाहेर, आणि आतल्या भिंतीला चिकटलेला एक तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला, लालसर. खंडेनवमीला पाटावर कार्बाइन, मॅगझिन, माझा ड्रिल आणि हिचं शिलाई मशीन मांडून पूजा केली होती, हळद, कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत, आणि त्यातली एक अक्षता थेट मॅगझिनच्या तोंडातून आत. फॉलोअर तिथे आला की तिरका व्हायचा. ती काढली, आतून कोरड्या कापडाने पुसलं, नवी स्प्रिंग टाकली. मॅगझिनच्या आत तेल घालू नका बरं का, तेलाला धूळ चिकटते आणि मग पीठ मळल्यासारखं होतं.

तेलावरून आठवलं. मिशिगनमधल्या एका ओळखीच्याने बोल्टला खोबरेल तेल लावलं होतं, नैसर्गिक आहे म्हणे. डिसेंबरमध्ये आउटडोअर रेंजवर गेला तर बोल्ट गोगलगायीसारखा. अहो, आपल्या न्हाणीघरातली बाटली पुण्याच्या थंडीत गोठते, तिथे मिशिगनमध्ये काय होणार. गन ऑइलच घ्या, तेही थेंबभर, बोल्ट जिथे घासून चकाकलेला दिसतो तिथे.

आता उरलेले २, जे चांगल्या मॅगझिनमध्येही अडकले. वही बघितली तर दोन्ही वेळा काडतूस १४७ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), मवाळ लोडचं, म्हणजे कमी जोराने भरलेलं. मॅचमध्ये पीसीसीला मायनर स्कोअरिंग (कमी जोराच्या काडतुसांची गुणपद्धत) असतं, पॉवर फॅक्टर १२५ पुरतो, म्हणजे गोळीचं वजन गुणिले वेग भागिले १,०००. १४७ ग्रेन सेकंदाला ८७० फुटांनी गेली तर १२७.८९, जेमतेम पास. लोक धक्का कमी लागावा म्हणून असं मवाळ मारतात, मीही मारत होतो, आणि त्याच कारणासाठी मी वर हेवी बफर टाकला होता. एकीकडून ढकलणारा जोर कमी केला, दुसरीकडून ढकलायचं ओझं वाढवलं. दोन्हीकडून गळा आवळल्यावर बोल्ट काय करणार, अर्ध्यातून परत.

हे तपासायची सोपी रीत आहे. मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा, मारा, आणि बोल्ट मागे थांबतो का बघा (शेवटच्या राउंडला बोल्ट थांबणारी कार्बाइन असेल तरच). असं पाच-सहा वेळा करा, आधी साध्या ११५ किंवा १२४ ग्रेनच्या फॅक्टरी काडतुसाने, मग तुमच्या लाडक्या मवाळ लोडने. पहिल्याने थांबतो आणि दुसऱ्याने नाही, तर उत्तर मिळालं. केस कुठे जाऊन पडतात त्यावरून निदान करणारे पुष्कळ आहेत, पण ब्लोबॅकमध्ये मला तरी त्याचा फार भरवसा वाटत नाही.

बफरचे आकडे सांगतो. एआर-१५ चा साधा कार्बाइन बफर ३ औंसांचा, ९ एमएमसाठीचा नेहमीचा साधारण ५.५ औंसांचा, आणि मी टाकलेला ८.५ चा. परत ५.५ वर आलो. आता कुणी म्हणेल मग ३ चाच टाकू, अजून सुळसुळीत चालेल. अजिबात नको! शिट्टीचं वजन कमी केलं की कुकर लवकर उघडतो हे लक्षात घ्या, दाब उतरायच्या आत केस चेंबरमधून बाहेर यायला लागली तर फाटते आणि गरम गॅस तोंडावर. कंपनीने बोल्ट आणि बफर मिळून जे वजन सांगितलंय त्याच्या खाली जायचं नाही. आणखी एक, बफर आखूड असेल तर ९ एमएमचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त मागे जातो आणि परत येताना धावत येऊन बोल्ट कॅचवर (बोल्ट मागे अडवून धरणारी कळ) आपटतो, कॅच मोडतात ते यामुळे. त्यासाठी स्पेसर मिळतो. इथले जुने लोक बफरच्या ट्यूबच्या बुडाशी चक्क पाव डॉलरची नाणी टाकतात, प्रत्येक नाणं १.७५ मिलिमीटर जाडीचं, तीन-चार टाकली की काम झालं. जुगाड ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही.

बाकीच्या तक्रारी पटापट. पूर्ण भरलेलं मॅगझिन बंद बोल्टवर लावलं आणि पहिलाच राउंड चढला नाही, तर मॅगझिन नीट बसलेलं नसतं, एक राउंड कमी भरा आणि लावल्यावर खाली ओढून बघा. मॅगझिन तळहाताने वर दाबून धरल्यावर चालते आणि सोडल्यावर अडकते असं असेल तर मॅगझिन कॅच झिजलाय किंवा मॅगझिनची खाच झिजलीये, बोटाने वरखाली हलवलं की खेळ जाणवतो. गोळी चेंबरमध्ये अर्धी जाऊन बसते आणि बोल्ट किंचित उघडा राहतो, तर घरी भरलेली काडतुसं संशयित. ९ एमएमची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर, पण चपट्या नाकाची गोळी त्याच्या आत असूनही एखाद्या चेंबरमध्ये टेकते. शक्य असेल तर नळी वेगळी काढून त्यात राउंड टाकून बघायचा, टप्पकन पडला आणि उलटी केल्यावर आपोआप बाहेर आला तर ठीक, नाहीतर लोड बदला. बोल्टला मागून हातोडी मारून बंद करणारा महाभाग मी डोळ्यांनी बघितलाय, त्याच्यापासून चार लेन लांब उभा राहिलो.

घोडा (हॅमर) पडला, नुसतं टक झालं आणि फुटलं नाही, तर बंदूक समोर धरूनच ३० सेकंद थांबायचं, मग मॅगझिन काढून राउंड बाहेर. प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टिकली) खड्डा उजेडात धरून बघा. खड्डा उथळ असेल आणि तुम्ही ट्रिगर हलका करायला हॅमरची स्प्रिंग बदलली असेल, तर जुनी परत टाका, विषय संपला. खड्डा उथळ पण स्प्रिंग ओरिजिनल, तर बोल्ट पूर्ण बंद होत नसेल, हॅमरचा अर्धा जोर बोल्ट मिटवण्यातच जातो. चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी काढा, लाकडी टूथपिकने छान निघते.

आणि एक ठिकाण जिथे पटापट चालत नाही. लहानपणी टिकल्यांच्या पिस्तुलात दमट टिकली आली की कसा फुस्स आवाज यायचा, तसा आवाज आला, धक्का जाणवला नाही, बोल्ट नीट मागेपुढे झाला नाही, तर तिथेच थांबा. मॅच असो, टायमर चालू असो, जाऊ दे. ट्रिगरवरून बोट बाहेर, मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामा, आणि मग नळी आरपार मोकळी आहे का ते रॉड घालून तपासायचं. १६ इंचांची नळी आहे, अर्धवट पेटलेल्या काडतुसाची गोळी आत कुठेही अडकून राहू शकते, आणि तिच्या मागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. माझ्यासमोर एकदाच झालंय, आउटडोअर रेंजवर, शेजारच्याने सवयीने बोल्ट ओढला आणि आम्ही तिघे एकदम ओरडलो. नळीत गोळी होती. बाकी कुठल्याही अडकण्यात तुमचे चार सेकंद जातात, इथे बोटं जातील.

तर माझा हिशेब असा झाला. दोन स्प्रिंगा, जुना बफर परत, मवाळ लोडऐवजी साधं १२४ ग्रेन, आणि एक तांदळाचा दाणा. त्यानंतर तीन मॅच झाल्या, एकदाही नाही अडकली. स्कोअर मात्र होता तिथेच आहे, म्हणजे ते दुखणं बंदुकीचं नव्हतं हेही सिद्ध झालं.

या वर्षी खंडेनवमीला मी सगळी मॅगझिन झिपलॉकच्या पिशवीत घालून पाटावर ठेवणार आहे. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "पिशवीवरून केलेली पूजा कशी पोचायची रे?" हिने सुचवलंय की अक्षता फक्त शिलाई मशीनवर टाकायच्या, पण त्यावरून आता घरात वेगळाच वाद चालू आहे.